हया, लाज आणि शाळेतला तो धडा

इयत्ता दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पाठ्यपुस्तकाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननसंस्थेची माहिती देणारा एक धडा आहे. हा धडा आला की बहुतेक वर्गांत एक ठरावीक नाट्य घडते. शिक्षक घसा साफ करतात, मुलगे बाकाखाली एकमेकांना ढोसतात, मुली वहीत डोके घालतात आणि ‘हा भाग घरी वाचून घ्या, परीक्षेला आकृती येते’ एवढ्यावर तास संपतो. मी दहावीत होतो तेव्हा पुस्तक वेगळे होते, नाट्य मात्र हेच होते. आकृतीला नावे देऊन मी गुण मिळवले आणि त्या नावांचा माझ्या स्वतःच्या देहाशी काही संबंध आहे, हे मला कोणी सांगितले नाही.

किशोरवयीन मुलांना शाळेत लैंगिक शिक्षण द्यावे का, हा प्रश्न आपल्या घरांत नेहमी ‘हो की नाही’ अशाच रूपात येतो. चार वर्षांपूर्वी मगरिबनंतर एक गृहस्थ माझ्याकडे आले. मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली होती. बाहेरून एक डॉक्टर बाई येणार होत्या आणि मुलींशी ‘वयात येताना’ या विषयावर बोलणार होत्या. ‘मौलाना, त्या दिवशी मुलीला घरी ठेवू का?’ त्या बाई काय सांगणार, किती वेळ, कोणत्या शब्दांत, यांपैकी मी काहीही विचारले नाही. म्हणालो, ठेवा. ते समाधानाने घरी गेले आणि मीही समाधानाने इशाच्या नमाजकडे वळलो.

त्याच घरातला थोरला मुलगा तेव्हा नववीत होता. पुढल्या काही महिन्यांत तो मशिदीत दिसेनासा झाला. आधी फजर सुटली, मग जुमासुद्धा. वडिलांना वाटले, संगत बिघडली. अखेर एके दिवशी मुलगा स्वतःच वजूच्या नळापाशी घुटमळताना दिसला आणि बऱ्याच वेळाने बोलता झाला. (त्याची परवानगी घेऊन आणि ओळख लागणार नाही अशा बेताने हे लिहीत आहे.) झोपेत जे अनेक निरोगी मुलांना होते, ते त्याला झाले होते. आपल्याला काहीतरी आजार जडला आहे आणि आपण आता कायमचे नापाक झालो आहोत, अशी त्याने समजूत करून घेतली होती. रेल्वे रुळांच्या कडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ आणि ‘धातू जाणे’ यांवरच्या अक्सीर इलाजाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात. अशाच एका भिंतीवरचा पत्ता वाचून तो गेला आणि साठवलेली ईदी देऊन पुड्या घेऊन आला.

म्हणजे त्या मुलाला लैंगिक शिक्षण मिळाले नव्हते असे नव्हे. ते भिंतीने दिले होते, आणि उरलेले मोबाइलने. मी फक्त शाळेला नकार दिला होता, तोही त्याच्या बहिणीच्या वतीने. भिंतीला नकार देणे माझ्या हाती नव्हते, आणि भिंतीच्या जागी ठेवावे असे मी काही दिलेही नव्हते.

मला याची खंत अधिक वाटते, कारण हे ज्ञान माझ्याकडे होते. दर्से-निजामीच्या पहिल्या वर्षांतच ‘नूरुल ईझाह’ शिकवतात. तहारतच्या प्रकरणात गुस्ल कशाने वाजिब होते, एहतिलाम म्हणजे काय, हैज आणि निफास यांचे नियम कोणते, हे सारे वजूच्या फराइजइतक्याच शांतपणे येते. आमचे उस्ताद ते वाचत, अर्थ सांगत आणि पुढे जात. कोणी हसले नाही, कारण हसण्याजोगे त्यात काही आहे असे त्यांच्या आवाजात कधी नव्हतेच. शाळेतल्या त्या तासानंतर मला हा चमत्कारच वाटला होता. पण खरे सांगायचे तर आम्हीही ते मसले म्हणूनच शिकलो. गुस्ल केव्हा करायचे ते कळले. मन का सैरभैर होते, नजर का वळते, कोणी चुकीच्या हेतूने अंगाला हात लावला तर काय करायचे, हे कोणी विचारले नाही. शाळेने आकृती दिली आणि मदरशाने मसला दिला. त्या दोहोंच्या मध्ये चौदा वर्षांचे मूल एकटे उभे राहिले.

या मौनाला आपण ‘हया’ म्हणतो. मराठीत त्यासाठी ‘लाज’ हा शब्द वापरतात आणि घोटाळा तिथेच होतो. लाज म्हणजे मर्यादाही आणि लाज म्हणजे अपमानही. ‘लाज राखली’ आणि ‘लाज काढली’ या दोन्हींत शब्द तोच आहे. अरबीत ‘हया’ आणि ‘हयात’ यांचा धातू एक आहे, म्हणजे हयेचे नाते जिवंतपणाशी आहे. मासिक पाळीसाठी आपल्याकडे जुन्या बायका ‘कावळा शिवला’ म्हणत. मुस्लिम घरांतील मुली ‘मला नमाज नाही’ म्हणतात. हा आडपडदा वाईट नाही, त्यात सौजन्य आहे. पण रमजानमध्ये तीच मुलगी बाप-भावांसमोर रोजा असल्याचे सोंग करते, स्वयंपाकघराच्या दाराआड घाईघाईने पाणी पिते, तेव्हा ती हया उरत नाही. शरीअतने जी सवलत दिली, ती घेताना तिला गुन्हेगारासारखे लपावे लागते. हजरत आयशा (रजि.) यांची पाळी चालू असताना प्रेषित (स.) त्यांच्या मांडीवर डोके टेकून कुरआनचे पठण करीत, हे सहीह बुखारीत नोंदलेले आहे. ज्यांनी ते सांगितले त्या स्वतः हजरत आयशा (रजि.) होत्या, आणि त्यांनी ते उम्मतपासून लपवले नाही.

हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांचा प्रसंग प्रसिद्ध आहे. सत्याच्या बाबतीत अल्लाह संकोच करीत नाही अशी प्रस्तावना करून त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले, की स्त्रीला एहतिलाम झाला तर तिच्यावर गुस्ल आहे काय. जवळच असलेल्या हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी संकोचाने चेहरा झाकला. प्रेषितांनी (स.) होकारार्थी उत्तर दिले आणि त्याचे कारणही दिले, की तसे नसते तर मूल आईसारखे कसे दिसले असते? केवळ नियम न सांगता देहाची रचनाही समजावली. अन्सारी स्त्रियांचा संकोच त्यांच्या दीन समजून घेण्याच्या आड आला नाही, म्हणून हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांची प्रशंसा केली आहे.

दुसरे उदाहरण हजरत अली (रजि.) यांचे. त्यांच्या शारीरिक अवस्थेविषयी एक मसला होता, पण प्रेषितांची (स.) कन्या त्यांच्या घरी असल्याने सासऱ्यांना विचारणे त्यांना अवघड वाटले. त्यांनी हजरत मिकदाद (रजि.) यांना विचारायला पाठवले. हा प्रसंग मला बापांसाठी फार मोलाचा वाटतो. मुलाशी बोलताना तुमची जीभ अडखळत असेल, तर त्यात दोष नाही, अलींचीही (रजि.) अडखळली. पण त्यांनी प्रश्न सोडून दिला नाही. त्यांनी मिकदाद शोधला. आपण आपल्या मुलांसाठी कोणता मिकदाद शोधला आहे? मामा, डॉक्टर, शिक्षक, इमाम?

यावर एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. वासनेविषयी बोलल्यानेच वासना जागी होते. झाकलेले झाकलेलेच बरे. २००७ मध्ये केंद्राचा किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांमध्ये थांबवला, तेव्हा साहित्यातील चित्रांवर आणि भाषेवर घेतलेला आक्षेप याच जातीचा होता. तो घेणारे बहुतेक आपले हिंदू बांधव होते. या भीतीला धर्म नाही. मी स्वतः ती भीती खरी मानतो. कसे सांगितले, यावर परिणाम अवलंबून असतो. म्हणूनच माझा प्रश्न ‘द्यावे का’ हा उरला नाही; ‘कशा प्रतीचे’ हा झाला आहे.

आणि प्रत पाहू लागलो की शाळेचे अपुरेपण दोन्ही बाजूंनी दिसते. मुलींना सभागृहात बसवून तासाभरात पॅड कसे वापरावे ते सांगतात, आणि तेवढा वेळ मुलगे मैदानावर क्रिकेट खेळतात. त्या तासाला मुलगे काय शिकतात? हे बायकांचे काहीतरी गुपित आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही. कुरआनने सूरह नूरमध्ये नजर झुकवण्याचा आदेश आधी पुरुषांना दिला आहे, मग स्त्रियांना. दुसरे असे, की जिथे थोडेबहुत चांगले शिकवले जाते, तिथेही रोग टाळा आणि संमती घ्या, इथवर येऊन थांबतात. संमती हवीच. खन्सा बिन्ते खिदाम (रजि.) यांचा विवाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला, तेव्हा प्रेषितांनी (स.) तो रद्द ठरवला; त्यामुळे हा शब्द आपल्याला परका नाही. पण दोघांनी होकार दिला म्हणजे कृती योग्य ठरली, असे इस्लाम मानत नाही. जबाबदारी, निकाह, होणारे मूल, आणि अल्लाहपुढचा हिशेब, हे सारे त्यात येते. ते सांगण्याचे काम शाळेचे नाही. ते आपले आहे, आणि आपण ते शाळेच्या नावाने बोटे मोडण्यात घालवले.

मग ते सांगायचे कसे? मुसनद अहमदमधील तो तरुण आठवा, ज्याने भर सभेत व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बसवले आणि विचारले, की तुझ्या आईसाठी हे तुला आवडेल का, मुलीसाठी, बहिणीसाठी, आत्यासाठी, मावशीसाठी? प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला. मग त्याच्यावर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ केली. एवढेच. आपल्या एखाद्या मुलाने असा प्रश्न विचारला तर तो मशिदीच्या दारापर्यंत तरी पोहोचेल काय?

एका बाबतीत मात्र मला कोणताही आक्षेप मान्य नाही. आपल्या शरीराच्या अवयवांची नावे मुलाला माहीत असणे आणि कोणी गैर वागले तर कोणाला सांगायचे हे त्याला ठाऊक असणे, हा त्याचा हक्क आहे. सूरह नूरच्या ५८ व्या आयतीत वयात न आलेल्या मुलांनाही तीन वेळी परवानगी मागून आत येण्याची शिकवण आहे: फजरपूर्वी, दुपारी कपडे उतरवता तेव्हा आणि इशानंतर. देहाला एक खासगीपणा असतो, हे मुलाला वयात येण्यापूर्वीच कळावे, अशी ही व्यवस्था आहे. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू आहे, मुलग्यांनाही, आणि असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे त्याने बंधनकारक केले आहे. तो मशिदीला लागू आहे, मक्तबला लागू आहे आणि घरापासून दूर, वसतिगृहात हिफ्ज करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलासाठीही लागू आहे. ‘संस्थेची बदनामी होईल’ हे वाक्य मी आमच्याच लोकांच्या तोंडून ऐकले आहे. ज्या मुलाजवळ घडलेले सांगायला शब्दच नाहीत, त्याच्या मौनाला हया म्हणणे हा जुलूम आहे.

या वर्षी त्या शाळेतून पुन्हा चिठ्ठी आली. या वेळी मी त्या गृहस्थांसोबत मुख्याध्यापकांकडे गेलो आणि काय शिकवणार ती पुस्तिका पाहायला मागितली. त्यांनी ती काढून दिली. आजवर कोणा पालकाने मागितलीच नव्हती, असे म्हणाले. पुस्तिका बरी होती. एका चित्राबद्दल आम्ही विनंती केली, ती त्यांनी मानली. मग मी विचारले, मुलग्यांचे काय? ते थोडा वेळ गप्प राहिले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावता येईल, म्हणाले, पण मुलगे त्यांच्यापुढे तोंड उघडणार नाहीत. तुम्ही सोबत बसाल का?

मी हो म्हणालो. त्या रात्री ‘नूरुल ईझाह’ काढून बसलो आणि तहारतच्या प्रकरणातल्या एकेका शब्दाला नववीच्या मुलाला समजेल असा मराठी शब्द शोधू लागलो. मराठी घेऊन बी.ए. केले आहे, अडचण येऊ नये असे वाटत होते. पण बहुतेक ठिकाणी दोनच शब्द सापडत होते, एक शब्दकोशातला आणि एक शिवीतला. फजरची अजान झाली तेव्हा माझे दुसरे पान चालू होते.