गेटवरचा उन्हाळी वर्ग

चिपळूणहून मुंबई-गोवा महामार्गाने खेडकडे निघालं आणि परशुरामाचा घाट चढून वर आलं, की थोड्याच वेळात हवेचा वास बदलतो. लोटे-परशुराम एमआयडीसी आल्याचं पाटी वाचण्याआधी नाकाला कळतं. कीटकनाशकं, औषधांचा कच्चा माल, रंगद्रव्यं, तऱ्हेतऱ्हेची रसायनं इथे तयार होतात. सकाळच्या पाळीला गेटसमोर उभं राहिलं, तर माणसांचे दोन प्रवाह दिसतात. एक ओळखपत्र मशीनला दाखवून सरळ आत जातो. दुसरा ठेकेदाराच्या माणसाभोवती घोळका करून थांबतो. तो माणूस वहीत नावं लिहितो, गेटपास वाटतो, मग हा घोळका आत सरकतो. दोन्ही प्रवाह त्याच प्लांटमध्ये जातात, त्याच रिअ‍ॅक्टरजवळ उभे राहतात.

इथे असं चालू असताना मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या व्यवस्थापन संस्थांतली मुलं ‘समर’ला गेलेली असतात. एमएमएस किंवा एमबीएचं पहिलं वर्ष संपल्यावर दोन महिने एखाद्या कंपनीत काम करून अहवाल लिहायचा, हा जुना रिवाज. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या इतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही पहिल्याच वर्षात ४ श्रेयांकांचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं. अमेरिकेत तर उन्हाळी सत्र ही स्वतंत्र परंपराच आहे. हार्वर्डचे उन्हाळी वर्ग १८७१ पासून चालू आहेत, आणि संघटना-व्यवस्थापन, मनुष्यबळ हे विषय आज अशा वर्गांत नेहमीचे झाले आहेत. पण मनुष्यबळ विषय घेतलेल्या आपल्या विद्यार्थ्याचं ‘समर’ बहुधा अंधेरीच्या नाहीतर हिंजवडीच्या वातानुकूलित मजल्यावर पार पडतं. किती जण नोकरी सोडून गेले याचे तक्ते, नव्या माणसाच्या स्वागताचं सादरीकरण, एक समाधान-सर्वेक्षण, आणि अहवाल बांधून तयार.

ही मुलं लोट्याला यायला हवीत. मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय महाराष्ट्रात ज्या गिरणी कामगारामुळे जन्माला आला, तो याच रत्नागिरी जिल्ह्यातला होता.

मुंबईच्या गिरण्यांना सर्वाधिक माणसं पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचं नाव अग्रभागी असे. त्या काळी गिरणीत भरती करणारं खातं नव्हतं, जॉबर होता. तोच गावाकडून माणसं आणी, साच्यावर लावी, उचल देई, खोली मिळवून देई, आणि त्यासाठी दस्तुरी घेई. माणूस कामावर राहणार की जाणार, हे साहेबापेक्षा जॉबरच्या मर्जीवर ठरे. मे महिन्यात गावी गेलेला कोकणी कामगार परत आला, तर त्याची जागा त्याला मिळेलच असं नसे. ती बदलीवाल्याकडे गेलेली असे, आणि पुन्हा मिळवायला जॉबरचा हात ओला करावा लागे.

रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१च्या अहवालात यावर बोट ठेवलं. भरती जॉबरच्या हातून काढून घ्या, कारखान्यात श्रम अधिकारी नेमा आणि त्याला थेट वरिष्ठ व्यवस्थापकाशी जोडा, अशी शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९३४च्या कायद्याने सरकारी श्रम अधिकारी आला. १९३५ मध्ये गिरणी मालक संघाने बदली कामगारांसाठी नियंत्रण योजना आणली. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (टिस) ती हीच. १९४७ मध्ये मुंबई सरकारने परळला श्रमविषयक संस्था काढली. तिला आज नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव आहे. लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित केलं, आणि १८९० मध्ये त्यांना रविवारची सुटी मिळवून दिली. १९४८च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. त्याच अधिकाऱ्याचा पुढे पर्सोनेल मॅनेजर झाला आणि मग एचआर.

पाटी बदलत गेली, तसा या अधिकाऱ्याचा चेहराही कामगाराकडून मालकाकडे वळत गेला. कल्याण अधिकाऱ्याकडे कामगार गाऱ्हाणं घेऊन जाई. एचआरने बोलावलं म्हटल्यावर कामगाराच्या पोटात गोळा येतो. हा बदल अभ्यासक्रमात कुठेच शिकवला जात नाही, कारण पाठ्यपुस्तक विषयाची सुरुवात टेलर आणि एल्टन मेयोपासून करतं. परळ आणि लालबागच्या गिरण्या त्यात नसतात, मग खेड आणि चिपळूण कुठून असणार?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचं आयुष्य उलटंपालटं झालं. कितीतरी जण ट्रंक घेऊन गावी परतले. ज्या कोकणाने शंभर वर्षं कारखान्याकडे माणसं पाठवली, त्याच्या दारात पुढच्या काळात कारखाना आला. काहींना तरी नोकरीसाठी मुंबई गाठायची गरज उरली नाही, ही साधी गोष्ट नव्हे. रात्रपाळी करून सकाळी स्वतःच्या घरी जेवायला जाणारा कामगार ही कोकणासाठी नवी घटना होती. लवेलला घरडा फाउंडेशनचं अभियांत्रिकी महाविद्यालय २००७ मध्ये सुरू झालं, तेव्हा शिकायलाही बाहेर जाण्याचं कारण थोडं कमी झालं.

कारखाना आला, आणि त्याच्यामागून जॉबरही आला. त्याला आता ठेकेदार म्हणतात. पॅकिंग, माल चढवणं-उतरवणं, साफसफाई, शटडाऊनची देखभाल ही कामं त्याच्या माणसांकडे असतात. माणूस कंपनीत वर्षानुवर्षं जातो आणि कंपनीचा नसतो. १९७०चा कंत्राटी कामगार कायदा मूळ मालकाला मोकळं सोडत नव्हता. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा, पिण्याचं पाणी, कँटीन, विश्रांतीची जागा ठेकेदाराने केली नाही तर मालकाने करायची, असं त्यात स्पष्ट होतं. वर्गात हे एका तासात शिकवून होतं. गेटवर त्याच प्रश्नाला दोन महिने पुरणार नाहीत. दुपारच्या सुटीत ठेकेदाराची माणसं डबा कुठे बसून खातात, एवढं एकच पाहून विद्यार्थ्याने दहा पानं लिहिली, तरी तो खरा प्रबंध ठरेल.

स्थानिकांना नोकऱ्या, हा लोट्यातला सततचा विषय. घाणेखुंट, पीरलोटे, लवेल या गावांत ‘आमच्या जमिनी गेल्या, आमची पोरं कुठे?’ हा प्रश्न निवडणूक असो वा नसो, ऐकू येतो. राज्य सरकारच्या धोरणात पर्यवेक्षकीय पदांवर ५० टक्के आणि इतर पदांवर ८० टक्के स्थानिक हवेत. पण त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला माणूस. ज्याच्या बांधाला कंपनीची भिंत लागून आहे, त्याच्या मनातला ‘स्थानिक’ गावाच्या शिवेपर्यंतचा असतो. कागद आणि बांध यांच्यातलं हे अंतर मनुष्यबळ अधिकाऱ्याला रोज तोंडाने भरून काढावं लागतं, आणि त्याचं प्रशिक्षण कोणी देत नाही.

रसायनांच्या कारखान्यात माणसांचं व्यवस्थापन हा जिवाचा प्रश्न आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळमध्ये वायू सुटला. त्याची चर्चा टाक्या, झडपा आणि शीतकरण यांभोवती होते. पण त्याआधी मिक (मिथाइल आयसोसायनेट) विभागातली माणसं खर्च वाचवण्यासाठी निम्म्यावर आणली होती, रात्रपाळीचा देखभाल पर्यवेक्षक काढून टाकला होता, प्रशिक्षणाचे दिवस कमी केले होते. हे निर्णय झडपेने घेतले नव्हते. ते मनुष्यबळाचे निर्णय होते. मनुष्यबळाच्या पहिल्या तासाला भोपाळ शिकवायला हवं, ते याचसाठी.

त्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात नवं प्रकरण आलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधींची सुरक्षा समिती सक्तीची झाली. कोणत्या रसायनाने काय होतं, हे कामगाराला सांगणं बंधनकारक झालं. तातडीचा धोका वाटला तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. आता कल्पना करा, बारावी झालेला बावीस वर्षांचा हेल्पर, ठेकेदाराचा, कामावर तिसरा आठवडा. त्याला व्हेंटमधून येणारा वास नेहमीपेक्षा वेगळा वाटला. तो कोणाला सांगेल? शिफ्ट-इन्चार्जला? उद्या गेटपास मिळाला नाही तर? कायद्यात हक्क आहे आणि तोंडातून शब्द निघत नाही. या दोन्हींच्या मधली जागा म्हणजे संघटना-व्यवस्थापन. ती पुस्तकात सापडत नाही, टाईम ऑफिसच्या बाकावर बसून दिसते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक. कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावावा, अशी तरतूद कारखाने कायद्यात होती. पण लोट्यात आज कंपनीचे जुने ऑपरेटर मराठी, ठेकेदाराची बरीच माणसं हिंदी पट्ट्यातली, आणि कामाच्या पद्धतीची कागदपत्रं इंग्रजी. वर्क परमिटवर सही करणाऱ्याने ते वाचलंय का, हे तपासायला चांगला उन्हाळा हवा.

माणसांच्या समूहावर विश्वास टाकला तर काय होतं, याचा भारतीय दाखला जुना आहे. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत आले. नवे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढत नव्हतं. कारण प्रत्येकाला एकेक तुकडा काम दिलं होतं आणि कोण कोणाच्या बरोबर, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. राइसनी सुचवलं, की काही मागांची जबाबदारी एकेका गटाकडे द्या. कामगारांनी गट स्वतःच पाडले आणि कल्पना उचलून धरली. उत्पादन वाढलं, खराब माल कमी झाला. ही कथा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. अहमदाबादच्या विणकरांनी जगाला हे शिकवलं असेल, तर लोट्याचे ऑपरेटरही काही शिकवतीलच. त्यांना विचारणारा मात्र हवा.

त्यासाठी उन्हाळाच का? कोकणाच्या पंचांगाशी कारखान्याचं पंचांग जिथे घासतं, तो हाच काळ. शिमग्याची पालखी नुकती घरोघर फिरून गेलेली असते. मे महिन्यात चाकरमानी येतात, लग्नं असतात, आंबा-काजूची धांदल असते. जूनमध्ये पेरणी, मग लावणी, पुढे गणपती. या दिवसांत हजेरीपटावर लाल रेघा वाढतात. बाहेरून आलेला अधिकारी त्याला गैरहजेरीचा रोग म्हणतो आणि नोटिसा काढतो. इथला मुरलेला अधिकारी जानेवारीतच सुट्यांची यादी गावाच्या मानकऱ्यांशी बोलून लावतो, शटडाऊन त्यात बसवतो. या दुसऱ्या अधिकाऱ्याचं काम शंभर पटींनी कुशल आहे, आणि ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही.

असा वर्ग आखायचा झाला तर सहा आठवडे पुरतील. चिपळूण, खेड आणि लवेलची महाविद्यालयं जागा देऊ शकतील. निम्मे विद्यार्थी मुंबई-पुण्याचे असावेत आणि निम्मे लोट्यातले शिफ्ट-इन्चार्ज, सुपरवायझर, युनियनचे पदाधिकारी. पहिला आठवडा फक्त गेटवर, तीनही पाळ्यांना. शिकवायला प्राध्यापक असावेत, पण त्यांच्या शेजारी निवृत्त ऑपरेटर, कारखान्याचा डॉक्टर आणि दाभोळ खाडीतला मच्छीमारही बसावा. खाडीच्या पाण्याबद्दल त्याचं जे म्हणणं आहे, ते ऐकून घेणं हेही मनुष्यबळ अधिकाऱ्याचंच काम आहे, कारण त्याचा मुलगा उद्या त्याच कंपनीत अर्ज घेऊन येणार आहे.

शेवटच्या आठवड्याचं काम वाऱ्यावर असावं. धोकादायक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्याला आपत्कालीन आराखडा लागतो, आणि वायू सुटला तर कुठे जमायचं, हे वारा कोणत्या बाजूचा यावर ठरतं. मे महिन्यात दुपारी वारा समुद्राकडून येतो, उत्तररात्री बऱ्याचदा डोंगराकडून उतरतो. जूनमध्ये नैऋत्येचा लागला की सगळंच फिरतं. विद्यार्थ्याने रात्रपाळीला प्लांटमध्ये उभं राहून कोपऱ्यावरचा विंडसॉक पाहावा, आणि ठेकेदाराच्या ज्या माणसाचा आज पहिला दिवस आहे त्याला विचारावं: सायरन वाजला तर तू कुठल्या बाजूला पळशील, आणि हे तुला कोणी, कोणत्या भाषेत सांगितलं?