प्रमाण चुकलंय

आर्ट कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला सहा शब्द मिळाले. रेषा, आकार, पोत, अवकाश, तोल, प्रमाण. सरांनी ते फळ्यावर लिहिले आणि सांगितलं, की वर्षभर दुसरं काही नाही शिकलात तरी चालेल, हे सहा नीट शिका. नवी दुचाकी मिळाली की माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातही गाडीवरून जातो, तसं माझं झालं. चहाच्या कपाचा पोत, बसमधल्या बाईच्या अंबाड्याचा तोल, कुठे म्हणून शब्द वापरायचे सोडले नाहीत.

त्याच वर्षी श्रावणात मी पेणला काकांकडे गेले. काकांचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड, लाकडी मांडण्या, आणि दारापासून परसापर्यंत ओळीत बसलेले पांढरे गणपती. बहुतेक मूर्ती साच्यातून निघतात. पण त्या वर्षी काकांनी बऱ्याच काळानंतर स्वतःच्या हाताने एक नवा नमुना घडवायला घेतला होता. शाडूचा, दीड फुटाचा, पाटावर बसलेला. रात्री सगळं काम उरकलं की ते त्याच्यापुढे बसत. पुढच्या वर्षी त्याचा साचा काढायचा होता.

त्यांनी ओलं फडकं बाजूला करून मला तो दाखवला. मी दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटला, हातातली पेन्सिल समोर धरली आणि म्हणाले, "काका, प्रमाण चुकलंय."

"म्हणजे?"

मी समजावलं. उभा माणूस साधारण साडेसात डोक्यांइतका उंच असतो, चित्रात आठ धरले तर रुबाबदार दिसतो, तुमच्या गणपतीचं डोकं फार मोठं आणि पाय फार आखूड झालेत. काका म्हणाले, "मी तोंडाच्या मापाने काढलंय." मी हसले. त्यांनी फडकं परत टाकलं.

शाडूच्या कामावरचं फडकं रोज भिजवावं लागतं. त्या नमुन्यावरचं पुढे कुणी भिजवलं नाही. दिवाळीत गेले तेव्हा तो कोपऱ्यात होता, सोंडेपासून पोटापर्यंत तडा गेलेला. पुढच्या वर्षी जुन्याच साच्यावर काम झालं. त्याबद्दल काका मला कधी एक शब्दही बोलले नाहीत.

मी एक शब्द वापरला होता, एवढंच. तो बरोबर होता की चूक, हा प्रश्न आहेच. पण मला त्याआधीचा प्रश्न पडतो. एखाद्या गोष्टीसाठीचा शब्द आपल्याकडे आहे आणि समोरच्याकडे नाही, तर आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त दिसतं का? आणि दिसत असेल, तर निकाल द्यायचा हक्क मिळतो का?

शब्दांमुळे दिसतं, हे मी नाकारणार नाही. शाळेच्या सहलीत मी घारापुरीची लेणी पाहिली होती. आठवत होती ती माकडं, लाँच आणि एक अवाढव्य मूर्ती. कॉलेजातून पुन्हा गेले तेव्हा माझ्याकडे 'उठाव' हा शब्द होता. उठावातली आकृती पाठीमागच्या दगडापासून सुटलेली नसते. ती दगडातून जेवढी बाहेर येते, तेवढीच आपल्याला मिळते. त्या तीन मुखांसमोर उभी राहिले आणि पहिल्यांदाच जाणवलं, की या शिल्पाची पाठ म्हणजे अख्खा डोंगर आहे. शिवाचं मागचं मुख दिसत नाही, कारण ते अजून कातळातच आहे, असं आपण मनाने धरू शकतो. सहलीत हे सगळं डोळ्यांसमोर होतं, पण ते अडकवून ठेवायला माझ्याकडे खुंटी नव्हती.

आपल्या भाषेत तर अशा खुंट्या आधीपासून आहेत. दगड कोरतात, माती घडवतात, धातू ओततात. तीन क्रियापदं, तीन वेगळ्या नीती. कोरताना तुम्ही फक्त काढू शकता, एक चुकीचा घाव परत घेता येत नाही. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं आहे. तिथे काढलेला दगड परत लावायची सोय नव्हती. माती घडवताना घालता येतं, काढता येतं, पुन्हा घालता येतं. चूक मातीला मान्य असते. मी काकांच्या ओल्या मातीवर दगडावर करावा तसा घाव घातला.

पण शब्द नसणाऱ्याला कमी दिसतं, हे मात्र खरं नाही. माझी आई कॉलेजात गेली नाही. मी ज्या साडीला 'निळसर हिरवी' म्हणते, तिला ती मोरपंखी म्हणते. आमसुली आणि डाळिंबी यांत ती ट्यूबलाइटच्या उजेडातही गल्लत करत नाही. हा शब्दसंग्रहच आहे. फक्त त्याची परीक्षा होत नाही, म्हणून त्याला कुणी कलेचं ज्ञान म्हणत नाही. बहुतेक वेळा 'त्यांच्याकडे शब्द नाहीत' याचा अर्थ 'त्यांचे शब्द मी शिकले नाही' एवढाच असतो.

तिसऱ्या वर्षी भारतीय मूर्तिशास्त्राचा तास होता. बाईंनी 'ताल' समजावला. ताल म्हणजे मूर्तीच्या तोंडाची लांबी, तिचे बारा भाग म्हणजे बारा अंगुलं. मोठ्या देवतांना नऊ किंवा दहा ताल, बुटक्या आकृत्यांना कमी. आणि काही शिल्पग्रंथांत गणपतीला ताल सांगितलेत पाच.

तोंडाच्या मापाने. मला वर्गातच घाम फुटला. काकांनी मला उत्तर दिलं होतं. त्यांना 'ताल' हा शब्द ठाऊक नव्हता, पण ते माप हातातून हातात येत त्यांच्या बोटांपर्यंत पोचलं होतं. मी प्रमाण हा शब्द शिकले होते, पण त्याच्या पोटात कुणाची मोजपट्टी आहे हे विचारलं नव्हतं. आमच्याकडे शिकवलं जाणारं माप जे. जे. स्कूलसारख्या संस्थांमधून, म्हणजे १८५७ नंतर, ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींसोबत आलं. ते परकं म्हणून वाईट, असं मी म्हणत नाही. त्याच शिक्षणातून गणपतराव म्हात्र्यांनी विद्यार्थी असताना, १८९६च्या सुमारास, 'मंदिरपथगामिनी' घडवली. नऊवारीतली ती देवळाकडे निघालेली मुलगी कुणाला परकी वाटेल? माप कुठूनही येऊ दे, ते माप आहे हे विसरलं की घोटाळा होतो.

इथे थांबले असते तर गोष्ट सोपी होती. परंपरा बरोबर, शिकलेली पोरगी चूक. पण हे उत्तर मला पटत नाही. समजा, काकांचं खरंच चुकलं असतं, तर मी ते म्हणणं योग्य ठरलं असतं का? आणि 'बिचारे काका, आपण कशाला बोला' म्हणून गप्प बसले असते, तर तो आदर झाला असता का? मला वाटतं, तो अपमानच. ज्याचं काम आपण गंभीरपणे घेतो, त्याच्या चुका आपण त्याला सांगतो.

मग माझं नेमकं काय चुकलं? मी असा शब्द वापरला, ज्यात काकांना मला उत्तर देता येत नव्हतं. समोरच्याला ज्या भाषेत उलट बोलता येत नाही, त्या भाषेत केलेली टीका ही टीका राहत नाही, तो निकाल होतो. त्यांनी स्वतःच्या भाषेत उत्तर दिलं तेव्हा मी हसले. आणि शब्द उच्चारताच माझं बघणंही संपलं होतं. 'प्रमाण चुकलंय' म्हटल्यावर मी त्या मूर्तीकडे पुन्हा पाहिलंच नाही. शब्द बघायला सुरुवात करून देतात, तसे ते बघण्यातून सुटकाही देतात. प्रदर्शनात चित्रापुढे 'कॉम्पोझिशन मस्त आहे' म्हणून पुढे सरकणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे माहीत आहे.

गेल्या वर्षी मी पेणला गेले आणि काकांना तालाबद्दल सांगितलं. पाच ताल, तोंडाचं माप, सगळं. वाटलं होतं, ते खूश होतील. ते डोळ्यांची आखणी करत होते. ब्रश बाजूला ठेवून म्हणाले, "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं, काका."

"माहीत नव्हतं तर विचारायचं."

मी माफी मागितली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो गणपती चुकलाच होता. पण डोक्यात नाही. डावा गुडघा पुढे आला होता, त्यामुळे सगळी मूर्ती पुढे झुकल्यासारखी वाटायची. मला कळत होतं काहीतरी बिघडलंय, सापडत नव्हतं. म्हणून तर तुला दाखवला."

त्यांना निकाल नको होता, आणखी दोन डोळे हवे होते. ते माझ्याकडे होते, पण त्यांच्यापुढे मी पेन्सिल धरली होती.

फोनमध्ये त्या नमुन्याचा एक फोटो अजून आहे. त्या रात्री उघडून पाहिला. गुडघा खरंच पुढे आहे. आता तो इतका स्पष्ट दिसतो, की तेव्हा कसा दिसला नाही याचंच नवल वाटतं.

काकांनी अजून नवा नमुना घेतलेला नाही. या वर्षी सुट्टीत मी महिनाभर तिथे राहणार आहे. माती मळायला, फडकी भिजवायला, आणि ते कशाला काय म्हणतात ते ऐकायला.