ओळख आणि आठवण

बदलापूर पूर्वेच्या शिरगावातून सकाळची लोकल गाठणाऱ्या विद्यार्थ्यांचा बराच अभ्यास गाडीतच होतो. पान उघडं, ओळी रंगवलेल्या, तिसरं वाचन चालू. कल्याण येईपर्यंत सगळं येतंय असं वाटतं आणि पेपर हातात पडला की काही सुचत नाही. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. चूक आहे ती ज्ञानाविषयीच्या समजुतीत, आणि न्याय या भारतीय तर्कशास्त्राने तिच्यावर फार पूर्वी बोट ठेवलं आहे. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रह या न्यायग्रंथानुसार स्मृती म्हणजे निव्वळ संस्कारातून, म्हणजे आधीच्या अनुभवाच्या ठशातून, उपजणारं ज्ञान. वस्तू समोर असताना ‘ही तीच’ असं जाणवतं ती प्रत्यभिज्ञा. तिला इंद्रियांचाही आधार लागतो. उघड्या पुस्तकापुढे आपल्याला होते ती प्रत्यभिज्ञा, आणि तिलाच आपण स्मृती समजून निर्धास्त होतो.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच मोजलेलं दिसतं. उतारा पुन्हापुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र तो न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. वेदपाठाच्या परंपरेनेही सरळ घोकण्यावर भरवसा ठेवला नाही. क, ख, ग अशी तीन पदं घेतली, तर क्रमपाठात कख, खग. जटापाठात कख, खक, कख. घनपाठात कख, खक, कखग, गखक, कखग. उलट जाताना ओघ मदतीला येत नाही, प्रत्येक पद नेमकं ठाऊक असावं लागतं.

यावर जुनाच आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे: अर्थ न कळता वेद पाठ करणाऱ्याला यास्कांनी निरुक्तात भारवाहू खांबाची उपमा दिली आहे. हे मान्यच करायला हवं. घनपाठ ध्वनी राखतो, अर्थाची हमी देत नाही. पण म्हणून पाठांतरच टाकून द्यावं, हे त्यातून निघत नाही. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत स्थापलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत संतवचनं पाठ केली जातात ती कीर्तनासाठीही. निरूपण रंगात आलेलं असताना त्या मुद्द्याला लागू पडणारी ओवी किंवा अभंगाचं चरण प्रमाण म्हणून तिथल्या तिथे द्यावं लागतं. अर्थ कळला नसेल तर कुठलं प्रमाण कुठे लागतं हे कळणार नाही. पाठ नसेल तर कळूनही ते ओठांवर येणार नाही.

मोबाइलवर सगळं मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं आता विचारलं जातं. पण बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवणानंतर मनन सांगतात, आणि मननाला लागणारी सामग्री मनातच हवी. दोन विधानांमधला विरोध खटकायला दोन्ही एकाच वेळी मनात असावी लागतात. ती नसतील तर शंकाच येत नाही, आणि न आलेल्या शंकेचं उत्तर मोबाइलवर शोधणार तरी कोण?