गव्हाण रिकामी, दोष घोड्याला

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी भोवरे पाहतं. गळ्याशी देवमण आहे का, कपाळावरचा भोवरा कुठे बसलाय, यावर तासन्‌तास खल चालतो आणि शुभ भोवऱ्यासाठी वरचे पैसेही मोजले जातात. तोच घोडा घरी आला की अंधाऱ्या तबेल्यात आगाडी-पिछाडी लावून उभा. दिवसातले किती तास त्याच्या तोंडात काडीही नसते, हे कोणी मोजत नाही. पुढे तो गव्हाणीच्या फळीला दात रोवून हवा गिळायला लागला, की मालक कपाळावर हात मारतो: खोडीचं जनावर गळ्यात बांधलं!

मोकळ्या रानातला घोडा दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास चरतो. त्याची घडणच तशी आहे. जठर लहान, आणि खाणं असो वा नसो, त्यात आम्ल पाझरतच राहतं. त्या आम्लावर उतारा लाळेचा, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावताना. किलोभर सुकं गवत खायला त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढीच चंदी तो दहा-पंधरा मिनिटांत फस्त करतो. सकाळ-संध्याकाळ हरभऱ्याचा तोबरा आणि मध्ये पेंढीभर गवत, एवढ्यावर ठेवलेल्या घोड्याचं पोषण कागदावर पुरं होत असेल, पण उरलेला दिवस त्याने करायचं काय? शर्यतीच्या घोड्यांत जठराचे व्रण इतके सर्रास सापडतात, त्याचं एक मोठं कारण हेच. फळी चावणं, जागच्या जागी डावी-उजवीकडे झुलत राहणं, खोलीत फेऱ्या घालणं, हे सगळे बांधून ठेवलेल्या घोड्यांचे रोग आहेत. त्यावर आपला इलाज काय, तर गळ्याभोवती आवळलेला पट्टा, फळीला तिखटाचा लेप, नाहीतर छडी. पट्ट्याने चावणं थांबतं. ज्यामुळे चावत होता ते जसंच्या तसं राहतं.

दाबलेल्या चाऱ्याची वीट इथे उपयोगी पडते. वाळवलेलं गवत किंवा लसूण घास बारीक कापून, दाबून तिचा घट्ट ठोकळा करतात. घोडा आधी ती नाकाने ढकलून पाहतो, ओठांनी चाचपतो, मग पुढच्या दातांनी कड कुरतडतो. चिमूटभर चारा सुटतो, दाढांखाली जातो, की पुन्हा वीट गाठायची. पेंढी उलगडून टाकली असती तर लवकर संपली असती. विटेला वेळ लागतो, आणि घोड्याला वेळच तर घालवायचा असतो.

मात्र वीट म्हटली की कुठलीही चालत नाही. गाई-म्हशींसाठी युरिया-मळीच्या चाटण विटा मिळतात, त्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या. घोड्यापुढे ठेवू नयेत. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन असतं, ते तर घोड्याचा जीव घेतं. नुसत्या गुळमट विटेत चारा कमी आणि लाड जास्त. म्हाताऱ्या, दात झिजलेल्या घोड्याच्या घशात कोरडा चारा अडकू शकतो. त्याला वीट भिजवून, मोकळी करूनच द्यावी. बुरशीचा वास आला तर सरळ उकिरड्यावर. आणि वीट मिळालीच नाही तर बारीक छिद्रांची जाळी विणून तीत गवत भरावं. कामाची वस्तू आहे, दिसायला साधी असली तरी.

एवढं केलं म्हणजे झालं, असं मानणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते. घोडा कळपातला प्राणी. त्याला शेजारी दुसरा घोडा दिसायला हवा, रोज पाय मोकळे करायला मैदान हवं. वीट टाकून दार लावून घेणारा मालक मुलाच्या हातात मोबाइल देऊन मोकळ्या होणाऱ्या बापासारखाच.

‘आमच्या वाडवडिलांनी कुठे विटा घातल्या?’ हा प्रश्न येणारच. वाडवडिलांचे घोडे मोहिमेवर मैलोन्‌मैल चालत आणि वाटेत चरत. पावसाळ्यात ते छावणीत बांधले जात, तेव्हाची काळजी शिवाजी महाराजांच्या, चिपळूणजवळच्या दळवटण्याच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात आहे. दाणा-वैरण आत्ताच बेपर्वाईने उडवलीत तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमचा असेल, अशी त्यात ताकीद आहे. उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेली तर गवताची गंज पेटेल, इथवर विचार केलेला आहे. त्यांच्या नावाने मिरवणुकीत घोडे नाचवणाऱ्यांनी निदान हे पत्र वाचावं.

राहता राहिला खर्च. चांदीचा साज, जरीची झूल, फेट्याचा तुरा यांना पैसे निघतात. घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराने जादा गवत मागितलं की मात्र हिशेबाची वही उघडते. वरातीच्या हंगामात घोडीने मिळवलेल्या पैशातून वर्षाच्या वैरणीची रक्कम आधी बाजूला काढावी आणि ती खर्चायचा अधिकार मोतद्दाराला द्यावा. झूल पुढच्या वर्षी घेता येईल.