जकातीच्या नाक्यावर

आजच्या मननासाठी मत्तयकृत शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडून ठेवा, पण लगेच वाचू नका. आधी मनाने कनेरगाव नाक्याला या. हिंगोलीहून वाशिमकडे जाणारा रस्ता इथून जातो, पूर्णा–अकोला रेल्वेही इथूनच जाते. जवळच पैनगंगा आहे. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. एसटीत बसलेल्या माणसाला आज ही हद्द ओलांडल्याचे कळतही नाही. पण 1948 पर्यंत अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि पलीकडे वऱ्हाड, जे 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेले. संस्थानाचे जकात खाते वेगळे होते. त्याला करोडगिरी म्हणत. हद्दीवर माल अडायचा, तपासला जायचा, जकात भरली की पुढे सुटायचा. ती हद्द गेली, ते संस्थान गेले. गावाच्या नावात नाका तेवढा राहिला.

आता डोळे मिटा. त्या काळातल्या वाटसरूच्या जागी स्वतःला उभे करा. खांद्यावर गाठोडे आहे, पुढे दोन-चार जण आहेत, रांग हळूहळू सरकते आहे. तुमची पाळी येते आणि समोरचा माणूस म्हणतो, उघडा. गाठोड्यात चोरीचे काही नाही, तरी पोटात काहीतरी हलते. चारचौघांत आपले सगळे उघडे पडणार, कोणीतरी त्याची किंमत ठरवणार, आणि ती ठरेपर्यंत आपण इथेच उभे राहणार. हा क्षण चटकन सोडू नका. देवासमोर उभे राहण्याची कल्पना केली की आपल्यापैकी बहुतेकांना हेच वाटते.

आता वाचा. नवव्या ओवीपासून तेराव्या ओवीपर्यंत, सावकाश.

कफर्णहूम हे गालील समुद्राच्या काठचे गाव. तेही हद्दीचेच. यार्देनेच्या अलीकडे हेरोद अंतिपाचा अंमल होता, पलीकडे त्याचा भाऊ फिलिप्प याचा. म्हणून तिथे जकातीचा नाका होता आणि नाक्यावर मत्तय बसला होता. जकातदार लोकांच्या मनातून पार उतरलेले असत. परक्या सत्तेच्या आधाराने चालणारी ती वसुली, आणि ठरल्यापेक्षा जास्त घेण्याची सोय. इतरांची गाठोडी उघडणारा हा माणूस. त्याचे स्वतःचे कोणी उघडले नव्हते.

येशू त्याला पाहतो. पुढे काय घडत नाही, त्याकडे लक्ष द्या. चौकशी होत नाही. आजवर किती घेतले, कोणाकडून घेतले, हे येशू विचारत नाही. आधी परत कर, मग ये, असेही म्हणत नाही. माझ्यामागे ये, एवढेच म्हणतो. आणि लगेच पुढच्या ओवीत तो त्याच्याच घरी जेवायला बसलेला आहे, सोबत आणखी जकातदार आणि पापी म्हणून ओळखले जाणारे लोक. ज्या पंगतीला बसल्याने बाटतो असे धर्मनिष्ठ मानत, त्या पंगतीत येशू सुधारणा होण्याआधी बसला. पंगत आधी आणि बदल नंतर, हा क्रम मनात दोन-तीनदा फिरवा. नीतिमान ठरवले जाणे म्हणजे काय, हे मला पौलाच्या पत्रांआधी या जेवणात कळते.

आता लूकच्या अठराव्या अध्यायातला दृष्टांत आठवा. मंदिरात दोघे प्रार्थनेला गेले आहेत, एक परूशी आणि एक जकातदार. परूश्याला आपण फार लवकर ढोंगी ठरवून मोकळे होतो. पुन्हा वाचून पाहा. तो आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो, आणि यातले काही खोटे आहे असे येशू कुठेही म्हणत नाही. त्याच्या गाठोड्यातला माल अस्सल आहे. तो माल देवापुढे मांडून त्याची किंमत मागतो, इथे त्याचे चुकते. शेजारच्या माणसाचा माल हलका आहे हे दाखवूनच आपली किंमत वाढेल असे त्याला वाटते. दूर उभ्या असलेल्या जकातदाराजवळ मांडायला काहीच नाही. तो दया मागतो. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो हाच.

थोडे थांबा. स्वतःचा अस्सल माल बाहेर काढा. वाईट नाही, चांगला. न चुकवलेली रविवारची उपासना, उपवासकाळातले उपास, दशांश, आजारी सासऱ्यांची वर्षानुवर्षे केलेली सेवा, पैशाचा चोख व्यवहार. तुम्ही ख्रिस्ती नसाल तर तुमच्या वारीचे, एकादशीचे, दानाचे नाव घ्या. एकेक गोष्ट हातात घ्या आणि विचारा, हिच्या जोरावर मी उभा आहे का? उद्या ही काढून घेतली तर मी देवाकडे तोंड करू शकेन का?

कनेरगावच्याच हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव या प्रश्नापाशी आले होते. विठ्ठलाच्या इतक्या जवळचे असूनही संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे मारून त्यांना कच्चे ठरवले, ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तिथून नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. भक्तीचा साठाही माणसाला उभा करत नाही, हे त्या कथेने ओळखले आहे. शुभवर्तमान मात्र इथून दुसऱ्या वाटेने जाते. कच्चा आहे तसाच स्वीकारला गेला, असे ते म्हणते.

मराठीत या प्रश्नाशी सर्वांत प्रामाणिकपणे झुंजलेली व्यक्ती मला विचाराल तर पंडिता रमाबाई. 1858 मध्ये जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे सगळ्या कुटुंबाला घेऊन वर्षानुवर्षे तीर्थांमागून तीर्थे पायी फिरले. पुराणे सांगितली, नद्यांत स्नाने केली, उपास केले, जवळचे होते ते दानात दिले. दुष्काळ आला तेव्हा हाती काही उरले नव्हते. आई, वडील, बहीण उपासमारीत गेली. ती भक्ती खोटी होती असे मी म्हणणार नाही. इतका जीव ओतून शुद्धी शोधणारी माणसे विरळच. रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तिथल्या मठातल्या भगिनी माणुसकीने सेवा करत होत्या, ते त्यांनी पाहिले. असे का करता, असे विचारले तेव्हा योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री त्यांना वाचून दाखवली गेली. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. बाप्तिस्मा झालेला, काम उभे राहिलेले, विधवा मुली शिकत असलेल्या.

तरीही आत शांती नव्हती. पुढे 1907 मध्ये स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले: ख्रिस्ती धर्म हाती आला होता, ख्रिस्त हाती आला नव्हता. त्या काळात विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. पाळक होऊन वर्षे लोटल्यावर, स्वतःच उपदेश करत असताना ज्याचे मन पालटले असा हा माणूस. रमाबाईंच्या लक्षात आले की बाप्तिस्म्यावर, धर्माच्या नियमांवर, कामावर आपण टेकलो आहोत. जकात माफ झालेल्या नाक्यावर त्या अजून गाठोडे उघडून उभ्या होत्या. मग आहे तशी, आत्ता, काही कमवण्याआधी, ख्रिस्ताने स्वीकारले आहे हे त्यांनी मान्य केले. बाप्तिस्म्याला तेव्हा सुमारे आठ वर्षे झाली होती.

तुमच्या-माझ्यासाठी ही आठ वर्षे महत्त्वाची आहेत. माणूस मंडळीत असतो, काम करतो, प्रार्थना करतो, आणि तरी आतून हप्ते भरत राहतो.

आता जखऱ्याचा तिसरा अध्याय. महायाजक यहोशवा परमेश्वराच्या दूतापुढे उभा आहे. अंगावर मळकी वस्त्रे. उजव्या बाजूला आरोप करणारा. हा प्रसंग डोळ्यांपुढे आणा आणि यहोशवाचे बोलणे ऐकायचा प्रयत्न करा. ऐकू येणार नाही, कारण सबंध प्रसंगात तो एक शब्दही बोलत नाही. आरोप खोटे आहेत असे म्हणत नाही, वस्त्रे धुऊन आणतो असेही म्हणत नाही. मळकी काढा, नवी घाला, ही आज्ञा दुसऱ्यांना दिली जाते. तो फक्त उभा राहतो. हे उभे राहणे म्हणजेच विश्वास, असे मला वाटते. आपल्याला ते कामापेक्षा कठीण जाते.

पौल रोमकरांस पत्रात म्हणतो की देव अधार्मिकाला नीतिमान ठरवतो. मग देव खोटे बोलतो का? मळका तर मळकाच आहे! ही शंका दडपू नका, मोठमोठ्यांनी ती घेतली आहे. सोळाव्या शतकात याच मुद्द्यावर पश्चिमेतली मंडळी दुभंगली: देव माणसाला नीतिमान ठरवतो की नीतिमान करतो? 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गला लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: माणूस आपल्या गुणांवर नव्हे, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, कृपेने स्वीकारला जातो आणि तीच कृपा त्याला नवे करते. 2006 मध्ये मेथोडिस्टही त्यात आले. शंकेचे उत्तर मला करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सापडते. ज्याला पाप ठाऊक नव्हते त्याला आपल्यासाठी पाप केले गेले. मळ दिसला नाही असे देव म्हणत नाही. तो मळ वधस्तंभावर दुसऱ्या कोणाच्या अंगावर आहे, आणि त्याचे नीतिमत्त्व आपल्या अंगावर. तिथे भरले गेले ते पुरेपूर भरले गेले.

शुद्धी म्हटली की आपल्या गावांत आधी विटाळ आठवतो. वेगळा पाणवठा, वरून ओतलेले पाणी, अंग चोरून चालणे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हे सोसले अशी अनेक ख्रिस्ती कुटुंबे मराठवाड्यात आहेत. त्यांच्यासाठी हा शब्द धर्मग्रंथातला नाही, अंगावरचा आहे. म्हणून मार्कच्या पहिल्या अध्यायात येशू कुष्ठरोग्याला बरे करतो ते वाचताना हात कुठे आहे ते पाहा. तो आधी स्पर्श करतो. नियमाप्रमाणे स्पर्श करणारा बाटायला हवा. इथे उलटे होते, कुष्ठरोगी शुद्ध होतो. ख्रिस्ताची शुद्धता जपून, दूर ठेवून टिकत नाही. ती लागण व्हावी तशी पसरते. केडगावला रमाबाईंनी आपल्या मुक्ती मिशनच्या आवारात फसवल्या गेलेल्या, टाकल्या गेलेल्या स्त्रियांसाठी घर बांधले आणि त्याला नाव दिले कृपासदन. त्या स्त्रिया आत येण्याआधी शुद्ध व्हायला हव्यात असा नियम असता, तर दार कधी उघडलेच नसते.

स्वतःच्या अंगावर जिथे तो हात पडू नये असे तुम्हाला वाटते, ती जागा ओळखा. नाव देऊ नका हवे तर. तो हात तिथे आहे असे मानून काही वेळ बसा.

शेवटचे वाचन लूकचा एकोणिसावा अध्याय. यरीहोचा जक्कय, जकातदारांचा मुख्य. येशू त्याच्याकडे मुक्कामाला जातो, लोक कुरकुरतात, आणि मग, मुक्काम ठरल्यावर, जक्कय उठून उभा राहतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवून घेतलेले चौपट परत. कोणी मागितले नव्हते. आता तो हिशेब भीतीने करत नाही, म्हणून तो खरा होतो.

तुमचाही हिशेब काढा, याच क्रमाने, आता. कागद घ्या. कोणाचे पैसे राहिले आहेत, भावाच्या बांधावरून किती सरकलो आहोत, कोणाच्या नावावर खोटे बोलून सुटलो आहोत. रक्कम असेल तर रक्कम लिहा, माणूस असेल तर नाव लिहा. आणि त्या यादीतल्या पहिल्या माणसाला आजच फोन लावा.