हरलेल्या मल्लाची थोरवी

शिर्डीस रामनवमीच्या उत्सवात कुस्त्यांचा हगामा भरतो. आखाड्यात जोड लागलेली असते, हलगी कडाडत असते, आणि कडेला बसलेल्या जुन्या शौकिनांत निराळीच झुंज चाललेली असते. गामाची सर आजच्या कोणास येईल काय? गणपतराव आंदळकर, मारुती माने यांच्यापुढे आजचे गडी किती वेळ टिकले असते? यावर तरुण मंडळी विचारतात, त्या मल्लांना आजच्या गादीवर गुण तरी मिळविता आले असते काय? हा वाद कधीच मिटत नाही. तो का मिटत नाही, याचा विचार केवळ शौकिनांनीच करावा असे नाही.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की, दोन काळांतील मल्ल तोलण्यास लागणारे मापच आपल्यापाशी नाही. १९१० साली लंडन येथे गामा व पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली, आणि तरीही ती बरोबरीत सुटली. आज गादीवरील कुस्तीचा निकाल तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत लागतो. तेथे दमाची कसोटी, येथे चपळाईची. एकीच्या मापाने दुसरी मोजणे म्हणजे शेराने कापड मोजणे होय. मुष्टियुद्धाच्या शौकिनांनी तर हा पेच यंत्राकडून सोडवून घेऊ पाहिला. १९७० साली रॉकी मार्सियानो व मुहम्मद अली यांचा, संगणकाच्या साहाय्याने रचलेला सामना अमेरिकेत चित्रपटरूपाने दाखविण्यात आला. त्यात मार्सियानो जिंकला. परंतु तेवढ्याने अलीच्या चाहत्यांचे समाधान झाले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

मग हा वाद व्यर्थच समजावयाचा काय? आमच्या मते तसे नव्हे. थोर कोण, असे विचारताना आपण वस्तुतः थोरवी कशास म्हणावे हे ठरवीत असतो. आणि तालमीतील पोर ते कान देऊन ऐकत असते. त्याच्या कानी केवळ विजयांचीच मोजदाद पडली, तर हरणे म्हणजे नाहीसे होणे, एवढेच ते शिकेल. वास्तविक ज्या खाशाबा जाधवांचा आपण अभिमान बाळगतो, ते १९५२ साली हेलसिंकी येथे तिसरे आले. त्यांच्यावर दोघे होते. त्यामुळे त्यांची थोरवी रतिभरही उणी झाली नाही.

या बाबतीत शिर्डीपाशी एक जुनी साक्ष आहे. दाभोळकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’च्या पाचव्या अध्यायात मोहिद्दीन तांबोळी या मल्लाची हकीकत येते. साईबाबांचे व त्याचे बिनसले, दोघांची कुस्ती झाली, आणि बाबा हरले. तेव्हापासून त्यांनी पेहराव पालटला. अंगी कफनी आली, डोक्यास फडके आले. चरित्रकार स्वतः भक्त. तथापि आपल्या सद्गुरूचा पराभव त्याने झाकून ठेवला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जिंकणाऱ्याचे नाव आज कोणास ठाऊक असेल, तर ते हरणाऱ्याच्या चरित्रामुळेच!

यावर कोणी म्हणेल, फकिराचे ठीक आहे. मल्लाची भाकरी विजयावर अवलंबून असते, त्याने कफनी घालावी काय? आक्षेप खरा आहे. वर्षानुवर्षे खुराक आणि मेहनत केलेल्या गड्यास पराभव गोड मानून घे, असे सांगणे हा निर्दयपणा होईल. २०२५ साली अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालावरून रोष होऊन एका मल्लाची लाथ पंचावर गेली. निकाल योग्य की अयोग्य, या वादात आम्ही शिरत नाही. पंचाचीही चूक होऊ शकते. परंतु पाठ टेकली, म्हणजे सर्वस्व गेले, ही भावना त्या मल्लाने एकट्याने निर्माण केलेली नाही. ती कडेला बसून केवळ जिंकणाऱ्यांची यादी घोकणाऱ्या आपण सर्वांनी त्याच्या मनावर बिंबविली आहे.

म्हणून जुन्या-नव्यांचा वाद खुशाल चालावा. मात्र कोणी किती जणांस चीत केले, हे विचारून झाल्यावर, चीत झाल्यानंतर अंगाची माती झाडून तो कसा उठला, हेही एकदा विचारावे. त्या प्रश्नास काळाचे अंतर आड येत नाही; आखाडा मातीचा असो की गादीचा, ते माप एकच आहे.