सर रॉबर्टचं देणं

ऑस्कर वाइल्डचं 'अॅन आयडियल हजबंड' ३ जानेवारी १८९५ रोजी लंडनच्या हेमार्केट थिएटरमध्ये पहिल्यांदा रंगलं. लॉर्ड गोरिंगच्या बोलण्यावर आजही लोक खळखळून हसतात, मीही हसते. पण माझी नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात गेली, आणि या नाटकातला एक आकडा मला स्वस्थ बसू देत नाही: १,१०,००० पौंड.

रॉबर्ट चिल्टर्न ऐन विशीत लॉर्ड रॅडलीचा सचिव होता. सुवेझ कालव्याचे शेअर ब्रिटिश सरकार घेणार, ही बातमी जाहीर होण्याच्या तीन दिवस आधी त्याने ती बॅरन आर्नहाइमला पत्राने कळवली. (डिझरायलीच्या सरकारने १८७५ मध्ये खरोखरच इजिप्तच्या खेदिवाकडून सुमारे ४० लाख पौंडांना हे शेअर घेतले होते.) बॅरनने साडेसात लाख पौंड कमावले आणि त्यातले हे १,१०,००० पौंड रॉबर्टला दिले. त्यावर रॉबर्ट पार्लमेंटात गेला, नावारूपाला आला. त्याला दैवत मानणारी बायकोही मिळाली. मग मिसेस चेव्हली नावाची बाई त्याला धमकावायला ते जुनं पत्र घेऊन दारात उभी राहते.

गर्ट्रूड नवऱ्याला क्षमा करील का, या प्रश्नावर सगळं नाटक तोललेलं आहे. ती करते. तिला फसवलं होतं, तेवढ्यापुरती क्षमा करणं तिच्या हातात होतंच. पण विकलं गेलेलं गुपित तिचं नव्हतं. त्या तीन दिवसांत ज्यांनी बेसावधपणे आपले शेअर विकले, त्यांच्या वतीने माफी देण्याचा अधिकार तिला कोणी दिला?

रॉबर्ट आपल्या मित्राला, गोरिंगला, सांगतो की त्या रकमेच्या दुप्पट पैसे आपण धर्मादायात दिले. हे वाचताना मला एक कारकून आठवतो. अफरातफर उघडी पडल्यावर त्याने माझ्यापुढे देवळाच्या देणगीच्या पावत्या मांडल्या होत्या. माणूस मनाने वाईट नव्हता. पण पैसे ज्या खात्यातून गेले, त्याच खात्यात भरावे लागतात. देवाला दिलेल्या पैशांनी आक्षेप मिटत नाही.

रॉबर्ट ज्या धर्मात वाढला, त्यातही हेच आहे. लूकच्या शुभवर्तमानातला यरीहोचा जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करीन असं वेगळं सांगतो. दान निराळं, परतफेड निराळी. तेही तो येशूसमोर उभा राहून उघड बोलतो. आपल्याकडे मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे उपाय सांगताना ख्यापन, म्हणजे आपलं पाप आपल्या तोंडाने जाहीर करणं, पहिलं येतं. दान अगदी शेवटी, तेही अडचणीतला मार्ग म्हणून. रॉबर्टने मात्र नेमकं शेवटचं आधी उचललं. बायकोलाही त्याने आपणहून सांगितलं नाही, मिसेस चेव्हलीने तिच्यासमोर त्याचं बिंग फोडलं.

गर्ट्रूडला मनोमन वाटत होतं की नवऱ्याने सार्वजनिक जीवन सोडावं. मंत्रिपद नाकारणारं पत्र त्याने लिहिलंही. मला वाटतं, इतक्या उशिरा शक्य असलेली खरी परतफेड तीच होती: ज्या पैशाने पद मिळालं, ते पद सोडणं. पण गोरिंग तिला पढवतो की बायकांनी न्याय करायचा नसतो, क्षमा करायची असते, आणि ती ते पत्र फाडून टाकते. हा प्रवेश मला कधीच पचत नाही. तिच्या विवेकाला प्रेमाच्या नावाखाली गप्प केलं जातं.

आणि तरीही पुढच्याच प्रसंगात, रॉबर्टची बहीण मेबल आणि गोरिंग यांचं लग्न आपल्या मौनामुळे मोडू पाहतंय हे दिसताच, तीच गर्ट्रूड आपलं लपवलेलं नवऱ्यापुढे स्वतःहून सांगून टाकते. रॉबर्ट तिला पोटाशी धरतो, आणि मंत्रिमंडळातली त्याची जागा पक्की असते.